वडगावची हर्षदा आणि आमची तेवीस किलोंची बॅग

२०२२ च्या एप्रिलअखेर माझे आई-बाबा वेस्टमीडला आले. करोनामुळे दोन वर्षं ऑस्ट्रेलियाची दारं बंद होती. फेब्रुवारीत ती उघडली आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झालं तेच आमच्याही घरी झालं. आधी तिकिटं, मग याद्या, मग वजनकाटा. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. बाबा बॅग हातात धरून काट्यावर उभे राहायचे, मग आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे, आणि आई पलीकडून विचारायची, "अजून अर्धा किलो भाजणी बसेल का?"

विमानतळावर त्या बॅगा गाडीच्या डिकीत चढवायची वेळ आली. बाबांचा हात पुढे व्हायच्या आत माझ्या बारा वर्षांच्या लेकीनं पहिली बॅग उचलून आत ठेवलीसुद्धा. दुसरीला हात घातला तशी आई ओरडली, "अगं ए, ठेव खाली! पोरीच्या जातीनं एवढं ओझं उचलू नये. पुढं त्रास होतो."

लेकीनं बॅग ठेवली, पण डिकीत. मग मला विचारलं, "आई, पोरीची जात म्हणजे काय?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी गेल्यावर अर्थातच सांगितलं नाही.

आईला ठाऊक नव्हतं, पण त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेतून एक कागद आला होता. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा वेटलिफ्टिंग शिकवणार होते, इच्छुक मुलामुलींनी पालकांची सही आणावी. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. नवरा म्हणाला, "तू ठरव." मी म्हटलं, "बघू." इथे येण्याआधी सात वर्षं शाळेत शिकवलंय मी. पालकांचं "बघू" म्हणजे काय असतं, हे मला चांगलं कळतं.

कागद तसाच लटकत असताना मे महिना उजाडला. एका सकाळी चहा घेता घेता बाबांनी मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. २ मे रोजी ग्रीसमधल्या हेराक्लिओन इथे झालेल्या ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो वजनगटात हर्षदा शरद गरुड हिनं सुवर्णपदक जिंकलं. या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. आधी २०१३ मध्ये मीराबाई चानूला कांस्य मिळालं होतं आणि २०२१ मध्ये अचिंत शेउलीला रौप्य. सोनं कुणालाच मिळालं नव्हतं. "आणि मुलगी कुठली माहितेय का?" बाबा म्हणाले. "वडगाव मावळची!"

वडगाव मावळ म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं की तळेगावच्या पुढचं स्टेशन. इतिहासाच्या तासाला मी मुलांकडून १७७९ चा वडगावचा तह पाठ करून घ्यायची. महादजी शिंद्यांनी इंग्रजांच्या फौजेला इथेच कोंडून शरण आणलं होतं. एरवी हा पावसाचा आणि भाताचा मुलूख. आपल्यापैकी जे इंद्रायणी तांदळासाठी हळहळतात, त्यांना मावळ वेगळा सांगायला नको.

हर्षदाच्या गोष्टीतही तांदूळ आहे. लहानपणी पन्नास किलोंचं तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन ती चालली, अशी आठवण तिच्याविषयीच्या बातम्यांत वाचली. आपल्याकडे एखाद्या मुलीनं असं पोतं उचललं तर दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी म्हणतं, "ठेव खाली," किंवा कुणी म्हणतं, "बरं झालं, आता दुसरंही आण." हर्षदाच्या घरी तिसरी गोष्ट झाली. तिचे वडील शरद गरुड यांनी तरुणपणी स्वतः वेटलिफ्टिंग केलं होतं. फार पुढे जाता आलं नाही, पण मुलीच्या पाठीवर पोतं दिसल्यावर आपण नेमकं काय पाहतोय, हे त्या माणसाला कळलं. गावातच बिहारीलाल दुबे यांचं गुरुकुल होतं, तिथे तिचा सराव सुरू झाला. २०२० मध्ये गुवाहाटीला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तिनं सुवर्ण मिळवलं आणि दोन वर्षांनी, अठराव्या वर्षी, ती हेराक्लिओनच्या मंचावर उभी राहिली.

हा खेळ आपण ऑलिंपिकच्या वेळी चार वर्षांतून एकदा दोन मिनिटं बघतो, म्हणून थोडं समजावून सांगते. मास्तरीणबाईंची सवय आहे, सांभाळून घ्या. यात दोन प्रकार असतात. पहिला स्नॅच. जमिनीवरची बारबेल एका दमात थेट डोक्यावर न्यायची, मध्ये कुठे टेकवायची नाही. विमानात आपण बॅग उचलून वरच्या कप्प्यात सरकवतो ना, साधारण तसं, फक्त सरकवायला कप्पा नसतो. दुसरा क्लीन अँड जर्क. आधी खांद्यापर्यंत आणायची, तिथे दम घ्यायचा आणि मग डोक्यावर न्यायची. आपल्या आज्ज्या भरलेला हंडा आधी मांडीवर घेऊन मग डोक्यावर चढवायच्या, त्यातलंच तत्त्व. प्रत्येक प्रकारात तीन संधी. नाव पुकारल्यावर उचलायला एक मिनिट. समोर तीन पंच, त्यातल्या दोघांचे पांढरे दिवे लागले की वजन मान्य. दोन्ही प्रकारांतलं सर्वांत जास्त वजन घेऊन बेरीज करायची, तीच एकूण कामगिरी.

हर्षदानं स्नॅचमध्ये ७० किलो उचलले. आमच्या हिशेबात सांगायचं तर तीन बॅगा आणि वर एक किलो भाजणी, सगळं एकाच वेळी डोक्यावर. स्वतःचं वजन ४५ किलोंच्या आत. तिथे ती पहिली होती. क्लीन अँड जर्कमध्ये तिनं ८३ किलो उचलले, तर तुर्कस्तानच्या बेक्तासनं ८५. म्हणजे या प्रकारात हर्षदा मागे पडली. पण बेरीज झाली १५३, आणि तुर्कस्तानच्या मुलीची १५०. जगात पहिली आणि दुसरी यांच्यातलं अंतर तीन किलोंचं. मोंढ्यातून आणलेल्या साखरेच्या पिशवीएवढं.

जुलैमध्ये ताश्कंदला आशियाई ज्युनियर स्पर्धेतही ती पहिली आली, या वेळी १५७ किलोंवर. आणि ती एकटी नाही. मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेनं जूनमध्ये मेक्सिकोतल्या लिऑन इथे युवा जागतिक स्पर्धेत ४० किलो गटात रौप्य मिळवलं. सांगलीचा संकेत सरगर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कोपर दुखावूनही २४८ किलोंवर रौप्य घेऊन आला, सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्याच्या काही आठवडे आधी त्याची धाकटी बहीण काजोल हिनं पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं होतं. त्यांच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी आहे. वडगाव, मनमाड, सांगली. पुण्या-मुंबईच्या चकचकीत जिममधून नव्हे, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांतल्या व्यायामशाळांमधून ही मुलं आली आहेत.

हर्षदाच्या वाटेत एक अडचण मात्र होती, आणि ती बातमीच्या मथळ्यात येत नव्हती. ज्या ४५ किलोंच्या गटात ती जगात पहिली आली, तो गट ऑलिंपिकमध्ये नव्हताच. राष्ट्रकुल स्पर्धेतही नव्हता. बर्मिंगहॅमला मुलींचा सर्वांत हलका गट ४९ किलोंचा होता, आणि त्या गटात भारताकडून उभी होती मीराबाई चानू. तिनं २०१ किलो उचलून सुवर्ण घेतलं. १५७ आणि २०१. म्हणजे चार किलो अंगावर चढवायचे आणि चव्वेचाळीस किलो बारवर. हे एका वर्षात होत नाही. खुद्द मीराबाईलाही ज्युनियर कांस्यापासून टोकियोच्या रौप्यापर्यंत, २०१३ ते २०२१, आठ वर्षं लागली. मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसून ती रिकाम्या हातानं परतली होती. त्यात तेव्हा आणखी एक टांगती तलवार अशी होती, की उत्तेजकांच्या प्रकरणांनी आणि संघटनेच्या गैरकारभारानं हा खेळ इतका बदनाम झाला होता, की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या सुरुवातीच्या यादीत वेटलिफ्टिंगचं नावच नव्हतं. अठरा वर्षांची मुलगी रोज पहाटे उठून ज्या दारासाठी सराव करत होती, ते दार उघडं असेल की नाही, हे तिला तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं. तरी ती सराव करत होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आई-बाबांना घेऊन डार्लिंग हार्बरला गेलो. वेस्टमीडहून ट्रेन, टाउन हॉलला उतरून चालत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण तिथे नेतो, फोटो काढतो, आइस्क्रीम खातो. मीही आजवर पाच-सहा वेळा नेलं असेल. या वेळी बाबा एकदम थांबले आणि म्हणाले, "मल्लेश्वरीनं पदक घेतलं ते इथेच का गं?"

मला लाज वाटली. सहा वर्षं या शहरात राहतेय, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. हो, इथेच. १९ सप्टेंबर २००० रोजी, सिडनी ऑलिंपिकमध्ये, डार्लिंग हार्बरच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. ती इमारत आता नाही. ती पाडून तिच्या जागी नवं केंद्र बांधलं, २०१६ च्या अखेरीस ते खुलं झालं. त्याच्या काचांत आम्ही स्वतःला बघून केस सारखे करत होतो.

पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. बायकांना त्या मंचावर चढायला २००० साल उजाडावं लागलं, आणि तो मंच या शहरात होता. त्याआधी बायकांची जागतिक स्पर्धा सुरू होऊन तेरा वर्षं झाली होती. मणिपूरच्या कुंजराणी देवीनं १९८९ मध्येच तिथे रौप्य मिळवलं होतं, आणि आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याची करणम मल्लेश्वरी १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेती होती, तेव्हा ५४ किलो गटात. सिडनीला ती ६९ किलो गटात उतरली. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तिनं स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलो उचलले, एकूण २४०. चीनच्या आणि हंगेरीच्या खेळाडूंचे झाले प्रत्येकी २४२.५. शेवटच्या संधीत मल्लेश्वरीनं थेट सोन्यासाठी १३७.५ किलो मागितले, ते गेले नाहीत. अडीच किलोंनी ती तिसरी आली. तरीही ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, आणि त्या वर्षी भारताचं ते एकमेव पदक.

हे सगळं बाबा नातीला सांगत होते. आई बाकावर बसून पाण्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते."

मला वाटलं विषय बदलला. पण बदलला नव्हता. "रस्त्याच्या कामावर जायचो आम्ही. खडीच्या पाट्या डोक्यावरून टाकायच्या. दिवसभर. सुकडी मिळायची खायला. घरी आलं की परत आडावरून पाणी. मुकादम ओरडायचा, पाटी पूर्ण भर म्हणून. तेव्हा नाही कुणी म्हणालं, पोरीच्या जातीनं ओझं उचलू नये." थोडं थांबून म्हणाली, "ही मान आहे ना माझी, ती तेव्हापासून दुखते."

आईची मान दुखते हे मी जन्मापासून ऐकत आलेय. का दुखते, हे कधी विचारलं नव्हतं. "पुढं त्रास होतो" हे विमानतळावरचं वाक्य मला जुनाट वाटलं होतं, आणि मनातल्या मनात मी ते खोडून टाकलं होतं. पण ती तिच्या मानेनं बोलत होती.

त्या रात्री मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. खरं तर ती मला अधूनमधून आठवतेच. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मी शिकवत असताना ती आठवीत होती. अंगानं थोराड, अभ्यासात बेताची, गोळाफेकीत तालुक्यात पहिली. वर्गातली बाकं हलवायची असली, गॅदरिंगला स्टेज लावायचं असलं, की आम्ही सगळे शिक्षक तिलाच हाक मारायचो. एक दिवस तिचे वडील आले. खेळाचे सर मुलीला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवा म्हणतायत, तुम्ही वर्गशिक्षिका, तुमचं काय मत, पाठवू का? हातात टोपी घेऊन उभे होते ते. मी म्हटलं, "आधी दहावी होऊ द्या. खेळ काय, नंतरही होईल." त्यांना ते पटलं. बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. दहावी झाली, आणि दोन वर्षांत तिचं लग्न झालं.

ती प्रबोधिनीत गेली असती तर हर्षदा झाली असती, असं मी म्हणत नाही. चाचणीतूनच परत आली असती कदाचित. पण तिच्या ताकदीचा मी बाकं हलवायला उपयोग करून घेतला, आणि तीच ताकद तिच्या स्वतःच्या कामी यायची वेळ आली तेव्हा मी तिला थांबवलं. हर्षदाच्या घरी बारबेल माहीत असलेला बाप होता. त्या मुलीच्या घरी नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इथे लिहितेय, कारण आपल्या मंडळातल्या पुष्कळ जणी कधी ना कधी शिक्षिका होत्या किंवा आहेत, आणि आया तर सगळ्याच.

दुसऱ्या दिवशी मी आईला फ्रिजवरचा कागद दाखवला. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं प्रश्न विचारले. शिकवणारा कोण? वजन एकदम देणार की हळूहळू? पोरीला दमल्यावर थांबू देणार का? खाणं काय द्यायचं? पालकसभेत असे मुद्द्याचे प्रश्न मला क्वचितच कुणी विचारले असतील. मी शाळेत फोन करून सगळी उत्तरं आणली. आमच्या डॉक्टरांनाही विचारलं, कारण उंची खुंटते अशी भीती माझ्याच मनात होती. जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, तंत्र शिकून आणि बेतानं केलेला वजनांचा व्यायाम वाढत्या मुलांना चालतो, असं त्या म्हणाल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच मत आहे. जपायचं ते चुकीच्या पद्धतीपासून आणि घाईपासून.

मग मी सही केली.

पहिल्या दिवशी लेक रागावून घरी आली. तिला वाटलं होतं, लाल-निळ्या चकत्या लावलेली बारबेल मिळेल. हातात दिली होती एक पोकळ काठी. तीन आठवडे नुसती काठी. वाकायचं कसं, पाय कुठे, पाठ कशी, श्वास कधी. पुढे कधीतरी नुसती बार मिळाली. बायकांची बार पंधरा किलोंची असते आणि पुरुषांच्या बारपेक्षा थोडी बारीक, तळहातात मावेल अशी. तिला पहिल्यांदा हे शिकवलं, की वजन झेपलं नाही तर खाली कसं टाकायचं. चकत्या रबरी असतात, जमीन तशी केलेली असते. सोडून द्यायचं आणि मागे सरायचं. यात लाज नाही, खेळाचा तो भागच आहे.

हे ऐकून आई म्हणाली, "टाकून देता येतं होय?" आणि बराच वेळ काही बोलली नाही.

माझी लेक काही हर्षदा होणार नाही. पुढच्या वर्षी कदाचित नेटबॉल खेळेल, नाहीतर गिटार मागेल. पण तिच्या वयाच्या मुली काट्यावर उभं राहायला घाबरतात, आकडा कुणाला दिसू नये म्हणून हात आडवा धरतात, तेव्हा ही जेवताना सांगते, "आज मी बावीस उचलले." वजन हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच आनंदानं उच्चारला जातोय. हर्षदाच्या पदकाचं मोल मला तिथे कळलं. वडगावच्या त्या मुलीनं माझ्या स्वयंपाकघरातलं एक वाक्य बदललं, आणि तिला ते कधी कळणारही नाही.

ऑगस्टमध्ये आई-बाबा परत निघाले. पुन्हा याद्या, पुन्हा काटा. या वेळी बॅगांत मॅकाडेमिया, चॉकलेटं आणि नातीच्या शाळेचा एक जुना टी-शर्ट, तो आईनं हट्टानं मागून घेतलेला. भरून झाल्यावर काटा लावला, बरोबर २३. लेक पुढे झाली आणि तिनं बॅगेला हात घातला.

"थांब," आई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"कमरेतून वाकू नको. गुडघ्यातून वाक. पाठ सरळ ठेव." आणि मग, "हं. आता उचल."